अंत्यविधीत फुलं का? आणि ठरावीक फुलंच का?

पानगळ

परवा पुरातत्त्वावरचं काहीबाही वाचत होते आणि एका ठिकाणी अडकले. इस्राएलमध्ये कार्मेल डोंगरावर राकेफेत नावाची गुहा आहे. तिथे नातुफियन लोकांची दफनभूमी सापडली. हे लोक शेती सुरू होण्याच्या आधीचे, शिकार करणारे आणि रानातलं धान्य वेचणारे. त्यांच्या काही कबरींच्या तळाला चिखलाचा पातळ गिलावा दिलेला होता आणि त्या गिलाव्यात फुलांचे, देठांचे ठसे उमटलेले आहेत. म्हणजे ओल्या चिखलावर ताजी फुलं पसरली आणि वर माणूस ठेवला. फुलं कुजून गेली, ठसे राहिले. काळ सुमारे १३,७०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं. ओळखू आलेल्या वनस्पतींत सेज आणि पुदिन्याच्या कुळातली मंडळी आहेत. त्यातली बरीच उग्र वासाची.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला तुटून पडायला सोपं जाईल. फुलं आली ती वासासाठी. प्रेत घरात किंवा गुहेत काही काळ राहणार, वास येणार, मग वासाला वासानं झाका. लिली म्हणजे पावित्र्य, रोझमेरी म्हणजे आठवण, हे सगळं मागाहून चिकटवलेलं. त्या याद्या मला तर ग्रीटिंग कार्डवाल्यांनी बसून केल्यासारख्या वाटतात.

वाचलेलं, पाहिलेलं लिहा. कुणाच्या श्रद्धेवरून भांडण नको.

उडाणटप्पू

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न आणावं की पुष्पगुच्छ, ते ठरेना.

मातीखालचं

राकेफेतचा पुरावा भक्कम आहे, कारण ठसे थेट गिलाव्यात आहेत. पण 'फुलांची कबर' म्हणून जगभर गाजलं ते शनिदार. इराकी कुर्दिस्तानातली गुहा, राल्फ सोलेकी यांनी उत्खनन केलेली. १९६० साली तिथे सापडलेल्या निअँडरथल (नामशेष झालेली एक मानवजात) सांगाड्याभोवतीच्या मातीत फुलांच्या परागकणांचे गठ्ठे निघाले. आर्लेट लरोआ-गूराँ यांनी ते तपासले आणि निअँडरथल आपल्या माणसाला फुलांवर निजवत होते, अशी फार सुंदर कल्पना पुढे आली. त्या काळच्या लोकांना ती भावलीही.

मग शंका सुरू झाल्या. त्या गुहेत पर्शियन जर्ड नावाचे उंदरासारखे प्राणी बिळं करतात आणि फुलं ओढून आत साठवतात. १९९९ साली हा आक्षेप नीट मांडला गेला. २०२३ मध्ये आणखी एक मुद्दा आला. एकाच गठ्ठ्यात अशा वनस्पतींचे परागकण आहेत ज्या एका वेळी फुलतच नाहीत. दफनाच्या दिवशी गोळा केलेली फुलं असतील तर हे जमणार कसं? त्यामुळे आता संशय आहे तो जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्यांवर.

म्हणून 'निअँडरथलांपासून चालत आलेली प्रथा' असं कुणी लिहिलं की मी पुढचं वाचत नाही.

दवबिंदू

मधमाश्यांनी वाहिलेली फुलं! मला हे निअँडरथलांपेक्षा जास्त आवडलं.

नाईलकाठ

पानगळ, वासाचा मुद्दा इजिप्तमध्ये टिकत नाही.

तूतनखामेन राजाचं उदाहरण घ्या. थडगं १९२२ साली सापडलं, शवपेट्या पुढच्या काही वर्षांत उघडल्या. पेटीच्या कपाळावरच्या नाग-गिधाड चिन्हाभोवती एक इवलासा हार होता, ऑलिव्हची पानं आणि कॉर्नफ्लॉवरची निळी फुलं गुंफलेला. तीन हजारांहून जास्त वर्षांनी त्या फुलांत रंगाची झाक शिल्लक होती, असं थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टर यांनी नोंदवलं आहे. सगळ्यात आतल्या पेटीवर पपायरसवर शिवलेली रुंद पुष्पमाळ होती. तिच्यात निळं कमळ होतं, विलोची पानं होती आणि नाइटशेडची फळंसुद्धा.

आता बघा. या माणसाचं शरीर नेट्रॉन मिठात सुकवून, राळ ओतून, पट्ट्या गुंडाळून तयार केलेलं. त्या विधीचा पारंपरिक काळ ७० दिवसांचा. वास झाकायची गरज कधीच संपलेली. शिवाय कॉर्नफ्लॉवरला सांगण्यासारखा वासच नसतो. मग ती फुलं तिथे कशाला?

निळ्या कमळाचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ते सकाळी उमलतं, नंतर मिटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उमलतं. सूर्य आणि पुनर्जन्म यांच्याशी त्याचं नातं इजिप्तच्या चित्रांत जागोजाग दिसतं. हा अर्थ मागाहून चिकटवलेला म्हणता येणार नाही. रामसेस दुसऱ्याच्या ममीवरही कमळाच्या पाकळ्यांच्या माळा होत्या.

पानगळ

@नाईलकाठ, कॉर्नफ्लॉवरचा मुद्दा चांगला आहे. पण कमळाला वास आहेच की. आणि राजाचं सोडा, साध्या माणसाला कुठे ७० दिवस मीठ लावत होते? राजाच्या थाटावरून प्रथेचं मूळ काढायचं म्हणजे अवघड आहे.

खडूस आजोबा

दोघंही अर्धं अर्धं धरून बसला आहात. वास की अर्थ हा प्रश्नच माझ्या मते चुकीच्या जागी आहे. आधी हंगाम बघा.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला फ्रान्समध्ये लोक कबरींवर शेवंतीच का नेतात? शेवंती ही रात्र लांबली की कळ्या धरणारी वनस्पती. युरोपात त्या दिवसांत बागेतलं बाकी सगळं संपत आलेलं असतं, तेव्हा ही थंडीला न जुमानता भरभरून उभी असते. पहिल्या महायुद्धानंतर लाखो नव्या कबरी तयार झाल्या आणि युद्धविरामाचा दिवसही ११ नोव्हेंबर. दोन्ही तारखा शेवंतीच्या पदरात पडल्या. मग शंभर वर्षांत ती 'मृत्यूचं फूल' झाली.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो. तिथे झेंडू, कारण झेंडू मुळात तिथलाच आणि त्याच सुमाराला बहरतो. त्याच्या वासानं आणि रंगानं मृतांना घरची वाट सापडते असं लोक मानतात. अर्थ सुंदर आहे, पण आधी शेतात झेंडू होता म्हणून तो अर्थ झेंडूला मिळाला.

फ्लँडर्सची, म्हणजे बेल्जियमकडच्या पहिल्या महायुद्धातल्या रणभूमीवरची लाल पॉपी तशीच. तिचं बी जमिनीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि माती उकरली, उजेड मिळाला की उगवतं. तोफगोळ्यांनी आणि कबरी खणून ती सगळी जमीन उलथीपालथी झाली होती. पॉपी उगवणारच.

थोडक्यात, जे हाताशी होतं ते वाहिलं. अर्थ त्याच्या मागून आला.

मु_पो_लियाँ

शेवंतीबद्दल शब्दश: खरं. ऑक्टोबरच्या शेवटी इथे सुपरमार्केटच्या दारात, पेट्रोलपंपावर, सगळीकडे शेवंतीच्या कुंड्यांच्या रांगा लागतात. आणि कापलेली फुलं नाही, कुंड्याच. कबरीवर ठेवली की बरेच दिवस टिकतात. घरच्या टेबलावर मात्र कुणी ठेवत नाही, आणि जेवायला बोलावलंय तिथे शेवंती नेली तर यजमानीण हसून घेईल आणि आयुष्यभर सांगत बसेल.

गंमत म्हणजे जपानमध्ये राजचिन्ह शेवंतीचं, आणि अंत्यविधीतही पांढरी शेवंतीच. तिथल्या माझ्या मैत्रिणीनं सांगितलं की पेटी बंद करायच्या आधी घरचे लोक फुलं देठापासून तोडून मृताच्या चेहऱ्याभोवती, खांद्याभोवती भरत जातात. प्रत्येक जण थोडी थोडी. ती म्हणाली की त्या दिवसातला तेवढाच भाग तिला नीट आठवतो, कारण तेवढा वेळ हाताला काम होतं.

शून्यवादी

खडूस आजोबा, पॉपीचा दाखला तुमच्यावरच उलटतो. पॉपी फुलते उन्हाळ्यात. ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेनं १९२१ पासून ती स्मृतिचिन्ह म्हणून घेतली, पण स्मृतिदिन नोव्हेंबरात. तेव्हा शेतात एकही पॉपी नसते. म्हणून तर कापडाची, कागदाची पॉपी कोटाला लावतात. हंगामच सगळं ठरवत असता तर इंग्रजांनीही शेवंती लावली असती. इथे अर्थानं हंगामाला हरवलं.

खडूस आजोबा

हरवलं नाही. हंगामानं अर्थ जन्माला घातला, अर्थ मोठा झाला आणि घर सोडून गेला. मुलं जातात तसा.

उडाणटप्पू

आजोबा फॉर्मात आहेत. +१

तोवारिश

आमच्या शिक्षणाच्या काळात मॉस्कोत पहिला धडा मिळाला तो व्याकरणाचा नव्हता. फुलं विकणारी बाई विचारायची, कशासाठी हवीत? जिवंत माणसाला विषम संख्येत, मृताला सम. दोन, चार, सहा. वाढदिवसाला सहा गुलाब घेऊन जाणं म्हणजे अभद्र. लाल कार्नेशन स्मारकांवर, तीही जोडीजोडीनं. मोठा गुच्छ असेल तर मोजायला कुणी बसत नाही.

हे ना वासात बसतं, ना हंगामात. फुलं तीच, फक्त संख्येनं निरोपाचा गुच्छ होतो. पानगळताई, याचं मूळ काय असेल?

उडाणटप्पू

म्हणजे गुच्छातलं एक फूल वाटेत गळून पडलं तर माणूस जिवंत?

वाचनमात्र

प्रेमात पडलेल्या गणितज्ञाला वाटेत पाकळ्या नाही, फुलं मोजावी लागणार. (बऱ्याच काळानं लॉगिन केलंय, हलके घ्या.)

रोमनकट्टा

थोडं ग्रीक-रोमन बाजूनं, कारण इथे अर्थाचा गुंता सगळ्यात मजेशीर आहे.

ग्रीक लोक थडग्यांवर रानटी सेलरीच्या जुड्या आणि माळा ठेवत. इतकं की एखादा फार आजारी असला तर 'याला आता सेलरीच हवी' असं म्हणत. आणि त्याच सेलरीचा मुकुट इस्थमियन खेळांत जिंकणाऱ्याला! इ.स.पू. चौथ्या शतकात तिमोलिऑन हा सेनापती सिसिलीत कार्थेजच्या फौजेवर चालून जात होता. वाटेत सेलरी लादलेली खेचरं समोर आली. सैनिकांचे चेहरे पडले, थडग्यावरची वनस्पती दिसली म्हणजे अपशकुन. तिमोलिऑननं त्यातलीच सेलरी घेऊन स्वत:च्या डोक्यावर मुकुट चढवला आणि म्हणाला, हा तर विजेत्याचा मुकुट, लढाईआधीच मिळाला. पाठोपाठ अधिकाऱ्यांनी घातला, मग सैनिकांनी. आणि लढाई जिंकले.

रोमन लोकांत वसंतात व्हायलेट आणि पुढे गुलाब वाहण्याचे दिवस ठरलेले होते. काही जण तर मरणाआधी पैसे ठेवून जात की माझ्या थडग्यावर दरवर्षी गुलाब वाहिले जावेत. असे शिलालेख आहेत. ही माणसं मेल्यावर वास येईल म्हणून नव्हे, विसरून जातील म्हणून घाबरत होती.

आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांच्यावर तर आरोपच होता की तुम्ही थडग्यांना हार घालत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांचं उत्तर असं: मेलेल्याला वास येत नाही आणि कोमेजणारा हार आम्हाला नको, आम्हाला न कोमेजणारा मिळणार आहे. आज चर्चमधला अंत्यविधी म्हटलं की डोळ्यांपुढे पांढऱ्या लिली येतात, हे त्यांना सांगितलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

पानगळ

तिमोलिऑनचा किस्सा खास! एकाच जुडीवर दोन अर्थ, आणि कोणता लागू होणार ते समोरचा माणूस ठरवतो.

@तोवारिश, सम-विषमचं मूळ मला सापडलं तर लिहीन. इंटरनेटवर सापडतं ते सगळं 'प्राचीन काळी' अशी सुरुवात करणारं आहे.

दवबिंदू

फुलं नसणाऱ्या परंपराही आहेत, त्या विसरू नयेत. ज्यू अंत्यविधीत साधारणपणे फुलं नसतात. कबरीला भेट देणारा माणूस एक छोटा दगड ठेवून जातो. गरीब-श्रीमंत सगळ्यांचं कफन सारखंच साधं असावं, हाही त्याच परंपरेतला विचार. इस्लाममध्येही दफन शक्य तितकं साधं करण्यावर भर. तरी हदीसमध्ये एक प्रसंग येतो. पैगंबरांनी खजुराची ओली फांदी चिरून दोन कबरींवर एकेक तुकडा रोवला, आणि ती ओली असेपर्यंत त्यांचा त्रास हलका होईल अशी आशा व्यक्त केली. त्यावरून कबरीवर हिरवं काही ठेवावं की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मी त्यात पडत नाही.

मला यात एक गोष्ट दिसते. दगड टिकतो म्हणून ठेवतात, आणि फांदी ओली असेपर्यंतच असते हे माहीत असून ठेवतात.

हातगुण

फुलांच्या धंद्यात आहे. इतका वेळ गप्प होतो कारण इतिहास आपला प्रांत नाही. पण प्रत्यक्ष काम सांगू शकतो.

चक्र म्हणजे गोल हार करायचा तर पूर्वी तारेच्या कड्यावर शेवाळ बांधून त्यात देठ खुपसत. शेवाळ पाणी धरतं. मग १९५४ साली तो हिरवा फोम बाजारात आला, पाण्यात बुडवला की जड होतो आणि देठ जिथे खोचाल तिथे घट्ट बसतो. काम निम्म्या वेळात होऊ लागलं. अक्षरं, उशा, फुटबॉल, गिटार, लोक काय वाट्टेल ते मागतात आणि फोममुळे ते करता येतं. पण हा फोम प्लास्टिकचा. कुजत नाही, त्याचा भुगा होऊन मातीत आणि पाण्यात जातो. कोरडा कापला की धूळ नाकात जाते ती वेगळीच. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. मी आता परत शेवाळ आणि जाळीकडे वळलोय. वेळ लागतो.

लिलीबद्दल: पुंकेसर आधी काढून टाकायचे, नाहीतर केशरी डाग पेटीवरच्या कापडाला आणि लोकांच्या कोटांना लागतात आणि निघत नाहीत. घरी मांजर असेल तर लिली नेऊच नका, तिच्यासाठी विष आहे.

आणि हंगामाचं म्हणाल तर तो गेला. शेवंतीला काळ्या कापडानं झाकून रात्र लांब करतात, दिवे लावून रात्र लहान करतात. बारा महिने मिळते. आजोबांची थिअरी जुन्या काळापुरती बरोबर आहे.

अर्थ विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं. बहुतेक जण 'त्यांना पिवळा रंग आवडायचा' एवढंच सांगतात.

नाईलकाठ

@हातगुण, उत्तम प्रतिसाद. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या पेटीवरच्या पुष्पचक्राबद्दल वाचलं होतं. १९ सप्टेंबर २०२२. त्यात फोम वापरला नव्हता, शेवाळ आणि ओकच्या फांद्यांवर रचलं होतं. रोझमेरी होती आठवणीसाठी, आणि मर्टल होतं १९४७ सालच्या तिच्या लग्नातल्या गुच्छातली काडी लावून वाढवलेल्या झाडाचं. हे असलं काही असेल तर 'अर्थ ग्रीटिंग कार्डवाल्यांचा' असं कसं म्हणायचं, पानगळ? लग्नातलं झाड शेवटी पेटीवर. याला यादी लागत नाही.

शून्यवादी

राणीकडे माळी होते. बाकीच्यांनी सेलोफेनमध्ये गुंडाळलेले गुच्छ आणले. १९९७ मध्ये डायनासाठी केन्सिंग्टन राजवाड्यासमोर काही ठिकाणी फुलांचा थर पाच फुटांपर्यंत चढला होता. २०२२ मध्ये उद्यानांच्या व्यवस्थापनाला सांगावं लागलं की वेष्टन काढून फुलं ठेवा, म्हणजे कंपोस्ट करता येईल, आणि कृपा करून (मुलांच्या गोष्टीतली) पॅडिंग्टन अस्वलं आणि त्याची ती मुरंब्याची सँडविचेस पुरे.

मला हे सगळं कधीकधी दुकानदारीच वाटतं. १९१० मध्ये अमेरिकेतल्या फूलवाल्यांनी तारेनं ऑर्डरी एकमेकांकडे पाठवायला सुरुवात केली. तेव्हापासून न येता फुलं पाठवणं सोपं झालं. कार्डावर नाव छापलं की कर्तव्य संपलं.

मु_पो_लियाँ

शून्यवादी, हे जरा एकांगी होतंय. माझे वडील गेले तेव्हा मी इथे होते आणि पोचू शकत नव्हते. फुलं पाठवली. दुकानदारी म्हणा हवं तर, पण त्या दिवशी माझ्या हातात तेवढंच होतं.

शून्यवादी

मान्य. तुमच्यासारख्यांबद्दल नव्हतं लिहिलं. ऑफिसातून 'सर्वांतर्फे' येतात, त्यांच्याबद्दल होतं.

वाचनमात्र

कागदी फुलांचा विषय निघालाच आहे तर इंग्लंडमधल्या ॲबट्स ॲन गावच्या चर्चबद्दल वाचा. अविवाहित मेलेल्या मुलीमुलांसाठी हेझलच्या काड्यांचा मुकुट करून त्यावर कागदाची फुलं आणि कागदाचे हातमोजे लटकवत आणि अंत्ययात्रेत पुढे नेत. मग तो चर्चमध्ये वर टांगून ठेवत, आपोआप गळून पडेपर्यंत. तिथे जुने मुकुट अजून टांगलेले आहेत. विसाव्या शतकातलेही आहेत.

पानगळ

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त मिळालं. माझं वासाचं मत मी पूर्ण सोडत नाही. राकेफेतच्या लोकांनी रानात बाकी फुलं असताना उग्र वासाचीच घेतली असतील, तर त्याला काही कारण असणारच. पण लियाँताईंच्या मैत्रिणीचं 'हाताला काम' मला जास्त पटायला लागलंय. गिलावा द्यायचा, फुलं तोडून आणायची, पसरायची. त्यात तास-दोन तास जातात, आणि त्या तासांत माणसाला दुसरं काय करता येतं?

मातीखालचं

धागा वर काढतोय, कारण एक राहून गेलं.

हंगामाचा मुद्दा उलट बाजूनं फार उपयोगी पडतो. डेन्मार्कमध्ये १९२१ साली एग्टवेडला ओकच्या खोडाच्या पेटीत एका किशोरीचं दफन सापडलं. खोडाच्या वलयांवरून साल ठरलं इ.स.पू. १३७०. आणि पेटीत यारोचं फुललेलं फूल होतं, म्हणून कळलं की दफन उन्हाळ्यातलं. तूतनखामेनचंही तसंच. माळेतली फुलं-फळं पाहून इजिप्तचे अभ्यासक पर्सी न्यूबेरी यांनी दफन मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरच्या दरम्यानचं ठरवलं. वाहणाऱ्यांना आपण तारीख लिहून ठेवतोय याची कल्पनाही नसेल.

आणि स्कॉटलंडमधली गंमत. तिथल्या ॲशग्रोव्हच्या कांस्ययुगीन कबरीत मेडोस्वीट या फुलाचे भरपूर परागकण मिळाले. जवळ एक भांडंही होतं. अभ्यासकांनी अंदाज बांधला की भांड्यात मधाची दारू होती, ती सांडली आणि परागकण त्या मधातून आले. मग फोर्टेव्हियटला दुसरी कबर उघडली तर तिच्यात मेडोस्वीटचे चक्क फुलोरेच निघाले. म्हणजे आधीच्या कबरींतही फुलंच वाहिली असण्याची शक्यता वाढली.

उडाणटप्पू

इतकी वर्षं ज्याला दारू समजत होते ती फुलं निघाली? त्या बिचाऱ्या मयताची बदनामी किती झाली असेल.

खडूस आजोबा

बदनामी कसली. मला विचाराल तर दोन्ही ठेवली असतील.